सुमनच्या शाली, माझी आई

फोन आला तेव्हा मी सुमनचा नारळ खवत होते. सुमनचा म्हणजे तिला सत्कारात मिळालेला. आठवड्यापूर्वीच इंदापूरच्या एका महिला मंडळाने तिचा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ आणि काचेचं सन्मानचिन्ह. सन्मानचिन्ह तिच्या घरी राहायचं, शाल माझ्या आईच्या खांद्यावर यायची आणि नारळ आमच्या पिशवीत, अशी ही वाटणी कित्येक वर्षं चाललेली. आमच्या घरी नारळ फुटतो तो खाण्यापुरताच. त्यामुळे त्याच्या वड्या व्हायच्या, त्या मी करायच्या, आणि निम्मा डबा परत इंदापूरला पोचवायचा. सत्कार तिचा आणि पाक माझा, असं मी म्हणायचे. फोन दाजींचा होता, सुमनच्या नवऱ्याचा, भास्कररावांचा. "ताई, सुमन गेली," म्हणाले आणि पुढे काही बोललेच नाहीत... मला वाटलं, आमच्याकडे यायला निघाली असेल. पुढच्या वाक्याची वाट बघत मी खोबऱ्याचे हात पदराला पुसत उभी राहिले. मागून कुणाचं तरी रडणं ऐकू आलं तेव्हा कळलं. सकाळी अंगण झाडता झाडता छातीत कळ आली, आणि ज्या दवाखान्यात तिने अख्खी नोकरी काढली तिथं पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

आई बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. ऐंशीला टेकलेली, कान शाबूत, डोळे अधू. अंगावर शाल होती, अर्थातच सुमनची, त्याच सत्कारातली मोरपंखी. "कुणाचा फोन गं उजे?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती रडली नाही. शालीची टोकं दोन्ही मुठींत धरली आणि म्हणाली, "माझी लेक गेली." त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लिहायला हवं. माझ्या मनात आलं, तुझी लेक इथं उभी आहे.

पेपरच्या पुरवणीसाठी सुमनवर लिहा असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. ती किती मायाळू नर्स होती, तालुक्यात तिच्या हातून किती बाळंतपणं सुखरूप झाली, हे लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि ते सगळं खरं आहे. पण मला तिच्याविषयी सगळ्यात जास्त जे वाटलं तो हेवा. वाटला म्हणजे काय, अजून वाटतो. तो वगळून लिहायचं तर मी लिहून उपयोग काय? कारणही फार मोठं नाही. ती माझी आतेबहीण, आणि तिने प्रत्येक पुरस्कार घेताना ज्या आईचे आभार मानले ती आई माझी होती. सुमन पाहुणी आणि उज्वला माझी, असं आईने एकदा तरी तोंडाने म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

आम्ही तेव्हा वालचंदनगरला राहायचो. वडील कंपनीत फिटर, त्यामुळे कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर. कंपनीचा भोंगा वाजला की घरोघर चुली पेटायच्या, आणि गळीत हंगाम सुरू झाला की गादीउशांनासुद्धा मळीचा वास यायचा. आत्या गेली तेव्हा सुमन सहावीत होती. तिच्या वडिलांना रानातून सवड नव्हती, म्हणून माझे वडील तिला घेऊन आले. दारात ती उभी राहिली, हातात कापडी पिशवी, आणि आईने तिला आत घेताना मला म्हटलं, "उजे, सरक जरा." मी अंथरुणात सरकले, पाटावर सरकले, शाळेच्या बाकावरही सरकले, कारण वर्ग एकच. आमच्यात मी हुशार होते, हे मी आजही सांगते आणि सुमननेही कधी नाकारलं नाही. मी एकदा वाचलं की पाठ. सुमन धडपडत वाचायची. आईला अक्षर येत नव्हतं, पण सुमन मोठ्याने वाचत बसली की आई भाकरी थापता थापता कान तिकडे ठेवायची, आणि सुमन कुठं अडखळली की म्हणायची, "पुन्यांदा म्हण." सुमन पुन्हा म्हणायची. अडखळली तर परत, "पुन्यांदा म्हण." तव्यावरची भाकरी करपायची, पण आई तिला सोडायची नाही. मी कोपऱ्यात माझा अभ्यास संपवून बसलेली असायचे. मला कुणी काही म्हणायचं नाही.

दहावीला आक्रीत झालं. सुमनला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. फार नाही, पण पडले. शाळेच्या बक्षीस समारंभात तिचं नाव पुकारलं आणि तिला स्टीलचा मोठा डबा मिळाला, झाकणावर तिचं नाव घातलेला. गुरुजींनी तिला आदल्या दिवशी आभाराची सगळी उतरंड शिकवली होती, आधी अध्यक्ष, मग मुख्याध्यापक, मग शिक्षकवृंद. ती माईकपुढे गेली आणि सगळं विसरली. नुसती उभी. मग म्हणाली, "माझी मामी मला रोज पुन्यांदा म्हण म्हणते, म्हणून माझा नंबर आला." लोक हसले, टाळ्या वाजल्या. आई मागे पाण्याच्या टाकीजवळ बायकांत उभी होती. सुमन स्टेजवरून उतरली, सरळ गर्दीतून चालत गेली आणि तो डबा आईच्या हातात दिला. आईने तो पदराने पुसला. पुढे अकरावीला मी त्याच डब्यातून भाकरी न्यायचे. कॉलेजातल्या मुली विचारायच्या, "सुमन कोण?" मी म्हणायचे, आमच्याकडे असते एक.

तिने नर्सिंग केलं, इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात लागली, तिथंच लग्न होऊन राहिली. मी बी.कॉम. करून बारामतीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात लागले. वडील रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि आई-वडील बारामतीजवळच्या कन्हेरीला राहायला आले, तिथं आमची थोडी शेती. वडील गेल्यावर आई माझ्याजवळ, म्हणजे मी तिच्याजवळ. औषधं, डोळ्यांचं ऑपरेशन, गुडघे, चिडचिड, सगळं माझ्याकडे. आणि सुमनला पुरस्कार मिळायला लागले. उत्कृष्ट परिचारिका, आदर्श सेविका, अमक्या मंडळाचा, तमक्या पतसंस्थेच्या वर्धापनदिनाचा. आपल्याकडे चांगल्या नर्सचा सत्कार करायला कुणालाच अडचण नसते, आणि ती होतीच चांगली. प्रत्येक वेळी ती गाडी पाठवायची आईला न्यायला. मग माझी रजा. आईला स्टेजसमोर पहिल्या रांगेत खुर्ची, शेजारच्या खुर्चीवर मी, पाण्याची बाटली आणि गोळ्यांची पिशवी धरून.

मनोगत तिचं बघण्यासारखं असायचं. मान्यवरांची नावं ती बिनचूक घ्यायची, गुरुजींची ती उतरंड आता तिला तोंडपाठ होती. मग जरा थांबायची, चष्मा काढायची आणि म्हणायची, "आणि माझी आई..." घरी मामी आणि स्टेजवर आई. भाकरी, तवा, अडखळणं, आणि "आज हा पुरस्कार त्या पुन्यांदा म्हणचा आहे." मला ते भाषण इतकं पाठ झालं होतं की ती चुकली असती तर मी खालून सांगितलं असतं. मग ती खांद्यावरची शाल काढायची, पायऱ्या उतरायची आणि माझ्या आईला घालायची. फोटोवाले धावायचे. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो, खाली 'सत्कारमूर्ती व त्यांच्या मातोश्री'. माझा कधी कोपर यायचा फोटोत, कधी पिशवी. घरी आल्यावर आई ती शाल माझ्याकडे द्यायची, "नीट घडी घालून ठिव गं आत." मी ठेवायचे. मरून, पिस्ता, मोतिया, निळी, एकावर एक. आईच्या लुगड्यांना कपाटात जागा उरली नाही, पण त्यातली एकही शाल आईने कुणाला दिली नाही. धुणंभांड्याच्या बाईने एकदा थंडीत मागितली, तर आईने तिला स्वतःचं पांघरूण दिलं, शाल नाही.

एक गोष्ट मात्र मला कायम खुपायची. आई मला कधी "पुन्यांदा म्हण" म्हणाली नाही. मी अडखळत नव्हते, हा काय माझा दोष झाला? हे मी सुमनला एकदा बोलून दाखवलं. ती आमच्या ओट्यावर बसून वड्या खात होती. सुमन तोंडाची फटकळ होती, स्टेजवरची मायाळू सुमन घरात फार टिकायची नाही. म्हणाली, "तुझं बरं हाय गं. तुला आयती मिळाली. मला सारखी मागावी लागती." मी म्हटलं, "मागतेस कुठं, माईकवरून नेतेस." ती हसली. मग म्हणाली, "वड्या जरा कडक झाल्यात आज."

मग माझी पाळी आली. कॉलेजने एका वर्षी स्नेहसंमेलनात गुणवंत शिक्षकेतर कर्मचारी म्हणून माझं नाव जाहीर केलं. मी ऑफिसात तोंडावर काही दाखवलं नाही, पण घरी आल्यावर कणीक मळताना मनोगत पाठ करायला लागले. मला दोनच मिनिटं मिळणार होती. मान्यवरांना एक वाक्य, प्राचार्यांना एक, बाकी सगळं आईला. तिने वडिलांच्या पगारात दोन मुली कशा शिकवल्या, ते. दोन म्हणायचं की एक, यावर माझं बराच वेळ अडलं... शेवटी दोन ठेवलं, पेपरवाल्यांना कळायला नको म्हणून. आईला घेऊन सुमन आली होती, मुद्दाम रजा टाकून. आणि आई पहिल्या रांगेत बसली ती सुमनची मोतिया शाल पांघरूनच. सत्काराला जायचं म्हणजे शाल घालून जायचं, असा तिचा समज झाला होता. माझं बोलणं चांगलं झालं. आईचं नाव घेताना आवाज अडखळला, आणि मला खालून "पुन्यांदा म्हण" ऐकू यावं असं फार वाटलं. मग मी माझी शाल काढली, चॉकलेटी, बारीक जरीकाठाची, खाली आले आणि मोतिया शालीवरून आईला घातली.

आईने तिचा काठ बोटांनी चाचपला. "चांगली हाय," म्हणाली. मग ती अंगावरून काढली, शेजारी वळली आणि सुमनच्या खांद्यावर टाकली.

टाळ्या कडाडल्या. लोकांना वाटलं ठरवून केलंय. सूत्रसंचालन करणारे प्राध्यापक माईकवरून म्हणाले, "मायेचा हा गोफ पाहून डोळे पाणावले." मी खुर्च्यांच्या मधल्या वाटेत उभी, खांद्यावर शाल नाही, हातात गुच्छ. सुमनने ती शाल दोन्ही हातांनी अंगाशी ओढून घेतली होती. तिने म्हणायला हवं होतं, अगं मामी, ही उजीची. एवढंच म्हणायला हवं होतं. पण माईकपुढे न थकता बोलणारी ती बाई गप्प बसून राहिली, खाली बघत, आणि कार्यक्रम संपल्यावर ती शाल पांघरूनच इंदापूरच्या एसटीत बसली. खिडकीतून हात हलवला तोही शालीतून.

मी वाट बघितली. आज परत करेल, उद्या करेल. थंडीत ती घरी आली की मी तिच्यादेखत म्हणायचे, "माझी ती चॉकलेटी शाल कुठं ठेवलीय कुणास ठाऊक." ती वड्यांचा विषय काढायची. तिला मिळालेल्या शालींनी आमच्या घरचं कपाट भरत राहिलं, आणि मला मिळालेली एकुलती एक तिच्याकडे. आमचे हे म्हणायचे, "अगं, दुकानात तसल्या ढीगभर मिळतात." पुरुषांना शालीतलं काही कळत नाही. आईला मी कधीच काही विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची, दुसरं काय. ती म्हणाली असती, सुमीचा हक्क जास्त, तर मी कुठं जाणार होते?

सुमनला निरोप द्यायला निम्मं इंदापूर लोटलं होतं. पांढऱ्या कपड्यात ती फार लहान दिसत होती. मी तिच्या पायाशी उभी राहून बघत होते ती माझी शाल तिच्या अंगावर आहे का ते. नव्हती. बरं वाटलं, आणि लगेच रडू आलं, मग थांबेचना. पुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिशरण-पंचशील झालं, मग आदरांजलीची भाषणं. जिने एवढ्यांचे आभार मानले तिचे आभार मानायला माणसं रांगेत उभी होती. पहिल्या रांगेत आई. एक तरुण नर्स तिच्या पायाशी बसून रडली, "तुमच्या सुमनताईंनी मला शिकवलं, आई." आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी चहाचे कप गोळा करत होते.

कप ठेवायला आत गेले आणि दारामागच्या खुंटीवर ती दिसली. चॉकलेटी. जरीचा काठ काळा पडलेला, एका कोपऱ्याला रफू केलेलं, अंगावर वापरून वापरून मऊ पडलेली. मी हात लावून उभी होते तेवढ्यात दाजी आले. "ती व्हय?" म्हणाले. "तिची ड्युटीची शाल. रिटायर झाल्यावरबी पायावर घेऊन बसायची. मी म्हणायचो, टाक की आता, इरली पार. तर म्हणायची, समद्या शाली मी मामीला दिल्या, मामीनं मला दिलेली ही एकच हाय."

मामीनं दिलेली. माझं त्यात नावही नव्हतं. मेली तरी हिने मला मधून वगळलंच, असं मनात आलं आणि मी दाजींना सरळ विचारलं, "मी नेऊ ही?" ते म्हणाले, "न्या की ताई. तुमच्या आईचीच हाय."

कन्हेरीला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आईला खिडकीपाशी बसवलं, पाणी दिलं आणि पिशवीतून शाल काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिने चाचपली, रफूवर बोट थांबलं. "सुमीची," ती म्हणाली.

"माझी आहे, आई," मी म्हटलं. एवढी वर्षं तोंडाशी येऊन परत गेलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "कॉलेजात मला मिळाली होती. मी तुला घातली. तू तिला देऊन टाकलीस."

"व्हय. तुझीच. म्हणून तर दिली."

मी तिच्यासमोर खालीच बसले. "तिच्या शाली मी कंदी कुणाला दिल्या का?" ती म्हणाली. "कपाट भरलं, पर एक हलू दिली न्हाय. दुसऱ्याची लेक. तिनं मानानं दिलेलं जपावं लागतं, बाई. पावण्याचं असतं ते. तुझं काय, घरचं. घरचं द्यायला मी कुणाला इचारत बसू?"

जे ऐकायला मी जन्मभर कान लावून बसले होते ते हेच. पाहुणी ती आणि घरची मी, आईने तोंडाने म्हटलं. मला आनंदच व्हायला हवा होता. पण मला दिसली ती माईकपुढची सुमन, चष्मा काढून, आणि माझी आई... म्हणणारी. एवढ्या सभागृहांत, एवढ्या वेळा. मागावी लागती, म्हणाली होती ती ओट्यावर बसून. तिला माहीत होतं. आणि त्या दिवशी कॉलेजात शाल अंगाशी ओढून ती गप्प का बसली, तेही आता माझ्या लक्षात आलं. तिला एकदाच न मागता मिळालं होतं, ते ती परत कशी करणार होती?

तोवर आईने शाल नाकाशी नेली होती. "वास हाय अजून पोरीचा," ती म्हणाली. "धुऊ नको."

मी धुतलेली नाही. खिडकीजवळच्या खुंटीला असते. कपाटातल्या मरून, पिस्ता, निळ्या शाली तशाच घडीत आहेत, आई त्यांच्याकडे बघत नाही. दुपारी जेवण झालं की ती हात पुढे करते आणि म्हणते, "सुमीची शाल दे गं." मी रोज म्हणते, "माझी आहे ती." "व्हय, तुझीच," ती म्हणते, "दे हिकडं." आणि मी देते.